इब्री, आमचं ऱ्होड आयलंड

३ ऑक्टो., शुक्र.
मंडळाच्या सभेत चहा अर्धा कप. तोही कागदी, तोही गळका. पंधरा वर्षं मस्कतमध्ये मराठी संस्कृतीची सेवा केली, त्याचं फळ: झब्ब्यावर ओमानचा नकाशा, मुसंदमच्या सुट्या तुकड्यासकट. कुणी हळहळलंही नाही. सगळे तीन तासांवरच्या इब्री गावातल्या सावंतांचा फोन ऐकत होते.

"मेनू तुम्ही ठरवणार, तारीख तुम्ही ठरवणार, आम्ही काय सतरंज्या घालायला येऊ? यंदा दिवाळी मेळाव्याला इब्री नाही. खलास!"

सावंतांचं इब्रीत टेलरिंगचं दुकान. शिवाय माझ्या एकांकिकेचे नायक. ते नाहीत तर नाटक नाही. मंडळाचं काय व्हायचं ते होवो.

४ ऑक्टो.
मंडळाची घटना लिहून काढली. एक्केचाळीस कलमं. शेवटचं: वर न लिहिलेले सर्व अधिकार मस्कतकडे. कन्या ईरा अकरावीत, अमेरिकेतल्या कॉलेजसाठी तिथल्या राज्यघटनेचा पेपर देतेय. वाचून हसत सुटली.
"बाबा, उलटं आहे हे! तिकडे सेंटरची लिस्ट छोटी. बाकी सगळं स्टेट्सचं. तू तर किंगच झालास."
बायको आतून, "तुला आत्ता कळलं?"

७ ऑक्टो.
ईराची शिकवणी. छोट्या राज्यांना मोठ्यांची भीती, म्हणून दोन सभागृहं. एकात डोकी मोजायची, दुसऱ्यात सगळे सारखे. आमची मस्कतची घरं साठ, किनाऱ्यावरच्या सहम गावची नऊ, इब्रीची सात.
"सातांना साठांइतकंच वजन?"
"एका हाउसमध्ये. दोन्हीकडे पास झालं तरच डन."
घोर अन्याय. मग आठवलं, नायक त्या सातांत आहे. अन्याय गिळला.
कपाटात सावंतांचा स्टीलचा डबा दिसला. गेल्या दिवाळीला कडबोळी भरून पाठवला होता. रिकामा कसा परत करायचा, म्हणता म्हणता वर्ष गेलं. कपाट लावून टाकलं.

१० ऑक्टो., शुक्र.
नवा मसुदा, सात कलमं. मस्कतकडे हॉल, तारीख, नाटक. बाकी ज्याचं त्याच्याकडे, जेवणसुद्धा.
सहमचे राणे: "म्हणजे आमच्या टेबलावर सुरमई चालेल?"
जोशीकाकूंनी डोळे मिटले. "टेबल लांब ठेवा. वाऱ्याची दिशा बघून."
हशा, टाळ्या, सहम आत! चहा पूर्ण कप.
इब्रीचं कुणी आलंच नाही. ईरा म्हणाली, "ऱ्होड आयलंड. तिकडचं सगळ्यात छोटं स्टेट. त्यांनीपण घटना लिहायच्या कन्व्हेन्शनला कुणाला पाठवलं नव्हतं."
"मग?"
"आले ना. तेरा स्टेट्समध्ये सगळ्यात शेवटी. बाकीचे धमक्या द्यायला लागले तेव्हा."
सावंतांना धमकी कोण देणार? माझ्या कमरेचं खरं माप त्यांच्या वहीत आहे.

१७ ऑक्टो., शुक्र.
ईराला घेऊन इब्री गाठली. सावंत एका ओमानी आजोबांच्या दिशदाशाचं, म्हणजे पायघोळ झग्याचं, माप घेत होते. "या अर्बाब, बसा," मला. अर्बाब म्हणजे इकडे मालक. मग ईराला, "बोल गो बाय."
तिनं अडखळत, अर्ध्या इंग्रजीत सातही कलमं सांगितली. सावंतांनी तोंडात टाचण्या धरून शेवटपर्यंत ऐकलं. माझं एक वाक्य आजवर पुरं होऊ दिलेलं नाही.
"हे उद्या बदलता येईल?"
"येईल काका. पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही."
टाचण्या काढल्या. कागद घडी घालून खिशात. "सातही घरांना विचारतो. सही सगळ्यांची, माझ्या एकट्याची नाही."
"आणि नाटक?" न राहवून मी.
"संवाद पाठ आहेत. बाकी इन्शाल्ला."
चहा सांगायला ते मागे गेले. ईरा पडद्याच्या कापडांत रमलेली. पिशवीतून डबा काढला. काल आम्ही तिघांनी वळलेले रव्याचे लाडू, गळ्यापर्यंत. शिलाई मशीनच्या शेजारी, त्यांच्या टेपखाली सरकवून ठेवला.