व्हेप सुटलं, सिगारेट लागली

बाळू,

आईला लई धाप लागलीय. तिला घेऊन अंबाजोगाईच्या दवाखान्यात चाललेय.

बंदी कडक झाली आन् केजात तुझं आंब्याच्या वासाची वाफ वढायचं व्हेप मिळंना, तवा मला वाटलं, सुटला माझा भाऊ. तू तर सिगारेटच धरलीस. काल आई म्हनली, "माज्यापाशी वढू नको रे, छाती भरून येती." तू म्हनलास, "मग तू भाईर झोप." ती खरंच थंडीत अंगणात झोपली, बाळू. सकाळी उठल्यावर मला दिसली.

दवाखान्यात ये, पण अंगाला धुराचा वास घेऊन येऊ नको.

दारात जीप उभी हाय. आईला धड बोलवंना, तरी विचारती, "बाळूच्या भाकरी झाकल्या का गं?"

अक्का