ओनोरे बारेल्ली यांनी बाजूला होऊ नये म्हणून

मी, सोलांज व्हेर्दिए, वय अडुसष्ट, राहणार जुन्या बंदराजवळ, नीस, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र नोटरी काझाल यांना सांगून लिहवून घेत आहे. माझा आवाज थरथरतो आहे तो वयामुळे नव्हे, आनंदामुळे. तशी नोंद व्हावी.

कलम एक. बँकेतली शिल्लक भाची मिरेय हिला. जुन्या मित्राला घरी बोलावते आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मावशी, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही." तरीही तिलाच.

कलम दोन. १९५४ साली इथल्या स्टुडिओत ‘पोस्टातली नवरी’ हा प्रेमाचा विनोदी चित्रपट झाला. दिवे मनासारखे लागेपर्यंत नायिकेच्या जागी मी उभी राहायचे आणि नायकाच्या जागी ओनोरे. शेवटच्या चुंबनासाठी आम्हाला सकाळभर नाकाला नाक लावून उभं केलं. त्याच्या तोंडाला लसणाचा वास येत होता आणि मला तो हवाहवासा वाटत होता. उजेड जमला तसे दिग्दर्शक म्हणाले, "छान. आता तुम्ही दोघं बाजूला व्हा." आम्ही झालो, ते जन्माचेच. त्यानं मार्सेयला संसार केला, आता विधुर आहे. मी कुणाशीच लग्न केलं नाही.

नायिका माझ्याहून उंच, म्हणून मला पायाखाली लाकडी पेटी देत. मी जपून ठेवलेली ती पेटी इथल्या फिल्म क्लबला द्यावी. बाईंनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. त्यांना माझी माफी, पण निम्मीच.

कलम तीन. राहतं घर बाल्कनीसकट ओनोरे बारेल्ली यांना. आज त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. ते नुसतं निमित्त आहे, हे एव्हाना नोटरींच्याही लक्षात आलं असेल.

हे ऐकून नोटरी म्हणाले, ज्याला मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही. ओनोरे टोपी घेऊन उठला.

"म्हणजे पुन्हा बाजूला व्हायचं?"

"नाही," मी म्हणाले. "साक्षीदार दुसरा मिळेल. तू नवरा म्हणून थांबतोस का?"

त्यानं टोपी खुर्चीवर ठेवली. मग म्हणाला, "घर मिरेयला देऊन टाक. मी थांबतो."

कलम तीन खोडावं. घर मिरेयला.

नोटरी म्हणाले, आता यांना सही करायला हरकत नाही. पण ओनोरेचे दोन्ही हात गुंतले होते. म्हणून खालच्या बेकरीतून मादाम तोस्काँ यांना बोलावून आणलं.

ठिकाण: नीस. दिनांक: ६ मे १९९६.
सही: सोलांज व्हेर्दिए

साक्षीदार: रने फाब्र, नोटरींचे शेजारी, जर्मेन तोस्काँ, बेकरीवाली.
वरील सही आणि त्याआधीचं चुंबन, दोन्ही आमच्या समक्ष झाली.