घासलेलं तस्त

मंगळवार संध्याकाळ, देवास

सकाळी बाबांनी पितळी तस्तात रक्त ओकलं. देवपूजा व्हायची होती, म्हणून आईनं ते लगेच चिंचेनं घासून लख्ख केलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "खून कितना गया?" आईनं हातांनी तस्ताचा घेर दाखवला.

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्यात म्हणे. शिरा आवळणारं इंजेक्शन दिलंय. इंदूरहून दुर्बिणीचे डॉक्टर येईपर्यंत त्यावरच भिस्त. तेवढा वेळ निभेल का? नर्स म्हणाली, "दीदी, उँगलियाँ नीली पड़ें तो बताना." बाबांची बोटं धरूनच बसलेय. गार आहेत, निळी नाहीत.

किती भरलं होतं तस्त? अर्धं? मला नुसतं चकचकीत पितळ आठवतं.

आत्ता आईनं हळूच विचारलं, "परत झालं तर घासायचं नाही ना गं?"

परत, म्हणाली ती.