पानांची ताटली

प्रिय क्वेनचे बाबा,

फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता आणि ठेवून देता, म्हणून शेवटी कागद घेतला. कागदापुढे ‘हं’ म्हणून सुटका नाही, शेवटपर्यंत वाचावंच लागतं. तुमचा निरोप मिळाला. आता उत्तरेत नाम दिन्हलाच राहणार, सायगॉनला परत येणार नाही, सुओंगला म्हणावं फोचं दुकान बंद कर नाहीतर दुसरा आचारी ठेव. इतक्या वर्षांचा संसार आणि निरोप काय तर भावाकडून. माझं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. दुकान बंद होणार नाही, आणि तुमच्या चुलीपाशी दुसरा कुणी उभाही राहणार नाही.

बाकी आम्ही बऱ्या आहोत. दुधाच्या चहाचं दुकान काढायचंय म्हणून एक पोरगा जागा मागायला येऊन गेला. भिंतींना गुलाबी रंग लावणार म्हणे. मी त्याला बसवून गरम कढणातल्या शेवयांचा वाटीभर फो खायला घातला आणि वाटेला लावला. क्वेन पहाटे माझ्याबरोबर उठते. पानं निवडायला ती आता माझ्यापेक्षा चपळ झाली आहे. काटेरी कोथिंबिरीच्या कडेनं बोटं खरचटतात म्हणून कुरकुर करते, पण काळं पडलेलं एक पान गिऱ्हाइकाच्या ताटलीत जाऊ देत नाही. हाडांचं कढण मीच करते. वाईट होत नाही, पण तुमच्यासारखं होत नाही, आणि ते सांगायला मला गिऱ्हाईक लागत नाही. तुम्ही जाताना तुमची पळी घेऊन गेलात. तुमच्या आईच्या श्राद्धाला पळी कशाला लागते, हे मी तेव्हा विचारलं नाही. नवी मात्र घेतलेली नाही. भाताच्या डावानं वाढते आणि मनगट भाजून घेते.

परवा बाजारात माझ्या आईच्या जुन्या जागेवरून गेले. तिथे आता प्लास्टिकच्या चपला मिळतात. तुम्हाला आठवतं का, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी तिथेच आईशेजारी बसून सब्जाच्या जुड्या बांधत होते. पाटीभर हिरवा माल समोर, आणि तुम्ही त्यातून पातीचा कांदा आणि साधी कोथिंबीर तेवढी उचललीत. सब्जा नको, मुगाचे मोड नकोत, काटेरी कोथिंबीर तर हातात धरून असं पाहिलंत की जणू कुणी गवत विकतंय. तुम्ही वळल्यावर आई म्हणाली, हा माणूस उत्तरेकडचा आहे की आजारी आहे? मला तर तेव्हाच तुमचा राग आला होता, आणि त्या रागापायीच मी तुमच्या दुकानात फो खायला आले. टेबलावर ताटली नव्हती. पानं मागितली तर म्हणालात, आधी एक चमचा तसंच पिऊन बघ. मी प्यायले. त्यानंतर पानं मागायचं मला सुचलं नाही, हे मी आईला कधीच सांगितलं नाही.

पण इथल्या लोकांना कोण समजावणार? सायगॉनचा माणूस वाटी यायच्या आधी ताटलीकडे हात नेतो. पान स्वतः तोडायचं, लिंबू स्वतः पिळायचं, मोड गरम कढणात आपल्याला हवे तितके दाबायचे, तेव्हा कुठे ती त्याची वाटी होते. त्याच्यापुढे पानांची ताटली नाही ठेवली तर त्याला वाटतं आपल्याला हाकलताहेत. लग्नानंतर आपली यावरून किती भांडणं झाली. शेवटी ताटली आली, पण बशीएवढी, आणि ती ठेवताना तुम्ही तोंड फिरवायचात. तुम्ही जन्मात एक पान वाटीत तोडून टाकलं नाहीत, आणि गल्लीतल्या पोरांनाही ते ठाऊक होतं. त्यात मला गंमत वाटायची. प्रत्येक घरात एक हेकट माणूस असतोच.

मग गेल्या पावसाळ्यापासून माझी ताटली मोठी होत गेली. तुम्ही बघत होतात. बशीची थाळी झाली, थाळीवर ढीग आला. मग तुमचे टोमणे सुरू झाले. दुकानाला गोठा म्हणालात. येणाऱ्याला विचारायला लागलात, आज चारा किती घालू? आणि त्या रविवारी, दुकान भरलेलं असताना, ताम काकांसमोरून तुम्ही ताटली उचललीत आणि माझ्या हातात आदळलीत. ताम काका म्हणजे आपले कोपऱ्यावरचे घड्याळवाले, दुकान उघडल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. तुम्ही मला म्हणालात, “माझं कढण इतकं टाकाऊ झालंय का, की तुला ते झाकावं लागतं?”

त्याच आठवड्यात तुम्ही तुमच्या आईच्या श्राद्धाला म्हणून गेलात आणि राहिलात. ताम काका अजून रोज येतात. परवा डावानं वाढताना बघून म्हणाले, “त्याला सांग, माझं घड्याळ बंद पडलं तर मी ते गल्लीत सोडून पळत नाही.” तुम्हाला कळवायला सांगितलं होतं, कळवते आहे.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. मला माहीत आहे. मागच्या पावसाळ्यात तो ताप आला आणि गेला, जाताना तुमचं नाक घेऊन गेला. पूर्वी तुम्ही झाकण उचलून डोळे मिटायचात, मग सांगायचात झालं की नाही. तापानंतर क्वेनला हाक मारायला लागलात, बघ गं, तुला काय वाटतं? तुमच्यासारखा माणूस पोरीला विचारतो, तेव्हाच मी चपापले. मग एका सकाळी कढणासाठी निखाऱ्यावर भाजत ठेवलेलं आलं आणि कांदे जळून कोळसा झाले, समोरची शिंपीण खिडकीतून खोकत ओरडली, आणि तुम्ही तिथेच पाठ करून हाडं धूत होतात. त्या दिवसापासून ताटली वाढली. दालचिनी जास्त पडली की मी सब्जा आणि लिंबू वाढवायची, मीठ चढलं की मोडांचा ढीग. माणसं आपल्या हातानं आपली वाटी ठीक करून घ्यायची आणि खुशीत घरी जायची. तुमच्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही. हो, मी झाकत होते, पण तुम्हाला झाकत होते. तुम्हाला वाटलं मला कळू नये, मला वाटलं तुम्हाला लाज वाटू नये, आणि एवढ्यापायी घर मोडायला निघालं. ते मी मोडू देणार नाही. हाडं किती वेळ धुवायची, आच कधी उतरवायची, हे अजून तुमच्याच हातात आहे. वास मी घेईन. आई मला अंधारात नुसत्या वासावरून जुड्या ओळखायला लावायची, ते काही फुकट गेलेलं नाही. मंगळवारच्या गाडीनं निघते आहे, गुरुवारी सकाळी नाम दिन्हला उतरेन, पानं ओल्या कापडात गुंडाळून आणते. तुमच्या भावाच्या घरी तुम्ही फो करा, मी शेजारी उभी राहून सांगेन. मग ताटली तुमच्यापुढे ठेवीन आणि तुम्ही सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं एक पान तोडून वाटीत टाकाल. वास नाही आला तरी टाकाल, माझ्यासाठी. परतीची दोन तिकिटं काढली आहेत, खालची जागा तुमची. मला तुमची फार आठवण येते. पिशवी भरताना पळी आधी टाका.

तुमचीच,
सुओंग