सोनोग्राफीच्या वेळी कोंडून धरलेल्या श्वासाबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
हृदयशस्त्रक्रिया विभाग.

विषय : शिरेतील दाब चुकीचा दिसण्यास सोनोग्राफीच्या तंत्रज्ञ ताई नव्हे, तर अर्जदार स्वतः जबाबदार असल्याबाबत.

संदर्भ : ताईंना या कक्षातून हलवण्याचा आपला कालचा तोंडी आदेश.

महोदय,

मी हृदयाची झडप बदललेला, खिडकीलगतच्या खाटेवरील रुग्ण, निवृत्त मुद्रितशोधक, सविनय निवेदन करतो की :

१. मानेतील दाब मोजणारी नळी काढल्यापासून माझ्या शिरेतील दाबाचा अंदाज ताई रोज सकाळी पोटावर यंत्र टेकवून, पडद्यावर शीर पाहून घेत. श्वासाबरोबर शीर आकसली तर दाब बेताचा, फुगलेलीच राहिली तर जास्त, हे त्यांनीच मला समजावले. आत काही न घालता आतला दाब कळतो, हे मला मान्य नव्हते व तसे मी रोज सप्रमाण मांडत असे. त्या म्हणत, “आजोबा, आधी श्वास घ्या, मग माझी अक्कल काढा.”

२. परवा त्यांनी विचारले, “आता शांत आहात ना?” मी मान डोलावली. वस्तुतः मी गप्प होतो, शांत नव्हतो. अनेक उपवाक्यांचे एक उत्तर जुळवून झाले होते. ते निसटू नये म्हणून मी पोट ताठ करून श्वास कोंडून धरला होता. शीर साहजिकच फुगलेली दिसली. दाब जास्त समजून अंगातले पाणी उतरवण्याचे इंजेक्शन दिले गेले, दुपारी मला भोवळ आली आणि खापर ताईंच्या माथी फुटले. रुग्णाच्या पोटात वाक्य अडकले आहे, हे कोणत्याही पडद्यावर दिसत नाही.

३. सबब, दोष माझ्या नावे नोंदवून ताईंना पूर्ववत नेमावे. काल आलेले नवे तंत्रज्ञ चकार शब्द न काढता माप घेऊन निघून गेले. तक्रार करण्याजोगे त्यांच्यात काहीही नाही, हीच माझी तक्रार आहे.

४. ते अशक्य असल्यास, मला घरी सोडल्यानंतरच्या तपासण्या तरी ताईंकडे द्याव्यात. दाब ठीक असला तरी मी येईन. वेळ सर्वांत शेवटची दिलीत तरी चालेल. घरी माझ्यासाठी कोणी खोळंबत नाही. हे नियमात बसत नसल्यास नियम लेखी कळवावा, म्हणजे मला त्याचा प्रतिवाद करता येईल.

आपला नम्र व तपासणीपुरता मौनी,
(सही)
खिडकीलगतच्या खाटेवरील रुग्ण
दिनांक : आज, सकाळच्या फेरीपूर्वी

सोबत : शेजारच्या खाटेवरील रुग्णाची साक्ष, त्यांच्याच शब्दांत : “म्हातारा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. ती आली की मात्र थांबत नाही.”