सातानंतर सहावं रीळ

४ फेब्रुवारी, मंगळवार

यादी लागली. दीपस्तंभाचा सिनेमा ‘टाकून द्यावेत’ या रकान्यात!

बंद पडलेल्या थिएटरच्या गोदामातून बासष्ट सिनेमे आमच्या संग्रहालयात आले. स्कॅनिंगचं मशीन महिनाअखेरपर्यंतच आमच्याकडे आहे. एकाच सिनेमाची जागा शिल्लक. ज्यांचं स्कॅन होणार नाही ते नष्ट — फिल्मला आंबूस वास सुटलाय, तो शेजारच्या डब्यांनाही लागतो.

सर म्हणाले, “हरकत असेल तर लेखी द्या. अर्धं पान. सोमवारी बैठक आहे.”

शेजारच्या टेबलावर फिल्म साफ करणाऱ्या काकू — “अगं, तो? दिवा पुसतो, दिवा लावतो, परत दिवा पुसतो. मध्यंतरात आम्ही सगळ्या जणी उठून घरी गेलो. तुझी आवड म्हणजे ना!”

हा सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. कॉलेजात, हॉस्टेलवर, इथे — सगळे मध्यंतरात उठलेले. शिव्या मात्र पूर्ण सिनेमाला!

५ फेब्रुवारी

लिहायला बसले. दोन ओळी झाल्या. खोडल्या.

६ फेब्रुवारी

कारण द्यायचं तर खरं द्यायला हवं, आणि खरं अर्ध्या पानात बसत नाही. इथे लिहिते, म्हणजे तिथे लिहावं लागणार नाही.

मी सात वर्षांची. आई वारून दीड महिना झाला होता. बाबा त्याच थिएटरात ऑपरेटर. शाळा सुटली की मी वर, मशीनच्या खोलीत. रिळांचा रिकामा डबा उलटा ठेवला की माझं स्टूल. दोन प्रोजेक्टर. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा. तो दिसला की बाबा दुसरा चालू करायचे. ठिपका आधी कोणाला दिसतो यावर आमची पैज. बाबा मुद्दाम हरायचे. एरवी फारसं बोलायचे नाहीत, तेव्हा तर अजिबात नाही.

हा सिनेमा दोन आठवडे होता. खाली पाच-सहा डोकी, त्यातली दोन झोपलेली. मी मात्र भिंतीतल्या छोट्या खिडकीतून रोज बघायचे. समुद्रातल्या खडकावर दीपस्तंभ. रखवालदार आणि त्याची बायको. एक दिवस ती होडीतून किनाऱ्यावर जाते. होडी परत येत नाही. तो थांबतो, थांबतो, आणि शेवटी स्वतःच्या हाताने दिवा विझवतो. अंधार. मग — पायऱ्यांवर पावलं! ती वर येते. ओली छत्री झटकते. म्हणते, “किती त्या पायऱ्या!” दोघं हसत सुटतात. समाप्त.

ती कुठे होती, कशी आली, काही सांगत नाहीत. येते, बस. या एका गोष्टीसाठी मी किती जणांशी भांडले असेन!

७ फेब्रुवारी

अर्धं पान दिलं. सगळा भर शेवटच्या रिळावर. ‘कोणतंही स्पष्टीकरण न देता गेलेलं माणूस परत आणण्याचं धाडस’ असं एक वाक्य आहे. मी सहसा अशी वाक्यं लिहीत नाही. तसंच ठेवलं.

समितीत एक म्हातारे समीक्षक आहेत. सिनेमा आला तेव्हा त्यांनी लिहिलेल्या परीक्षणाचं कात्रण सरांनी दाखवलं. ‘शेवट निर्दयी आहे.’ निर्दयी? बाई घरी येते! हेही मध्यंतरात उठलेले दिसतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

रिळं टेबलावर घेतली. फिल्म ०.९ टक्के आकसली आहे. मशीन तेवढं सोसतं.

लॅब फिल्मच्या कडेला ठरावीक अंतरावर रिळाचा क्रमांक छापते. बारीक असतो, भिंगाखाली दिसतो. सहा नंबरच्या डब्यातल्या रिळावर ७. सात नंबरच्या डब्यातल्या रिळावर ६.

तीनदा पाहिलं. डब्यांची अदलाबदल झालेली. म्हणजे बाबांनी दोन आठवडे शेवटची दोन रिळं उलट्या क्रमाने दाखवली, आणि खालच्या पाच-सहा डोक्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

खरा क्रम असा: ती पायऱ्या चढून येते, छत्री झटकते, दोघं हसतात. हे सहावं रीळ, कुठल्यातरी साध्या दिवसाचं. सातव्यात ती पुन्हा जाते. होडी येत नाही. तो दिवा विझवतो. संपलं.

वीस वर्षं मी ज्याची बाजू घेतली तो सिनेमा कोणी काढलेलाच नाही.

काकूंना सांगितलं. त्या आधी पोट धरून हसल्या, मग माझ्याकडे बघून थांबल्या. “गप्प बस तू. जागा मिळू दे आधी. कोणाला कळणार आहे?”

मला कळलंय.

९ फेब्रुवारी

सुट्टी असून गेले. सगळा पाहिला, क्रमाने. आज काही लिहीत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

बैठकीत सगळं सांगितलं, समीक्षक मध्यंतरात उठले असतील असं मला वाटलं होतं तेही. अर्धं पान मागे घेतलं.

समीक्षकांनी कात्रणावर बोट ठेवलं. “म्हणजे मी शेवटपर्यंत बसलो होतो, हे आता तरी मान्य?”

मान्य.

सर म्हणाले, “अहो, तुमचं कारणच गेलं. मग ठेवायचा कशाला?”

मी म्हटलं, सहाव्या रिळात ती म्हणते, किती त्या पायऱ्या. सातव्यात दिवा विझवून तो एकटा खाली उतरतो. एकशे बारा पायऱ्या आहेत. मी मोजल्या. कॅमेरा एकही गाळत नाही. तिथे कोणीही कंटाळेल. मला त्यातली एकही कमी चालली नसती.

आवाज नीट होता माझा.

मग समीक्षकांनी हात वर केला. मग सरांनी. बाकीच्यांनी घड्याळ बघून.

जागा मिळाली!

११ फेब्रुवारी

रिळं योग्य क्रमाने लावताना अडले. ‘समाप्त’ची पाटी सहाव्या रिळाच्या टोकाला आहे. रविवारीही ती मधेच आली होती, पण तेव्हा माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ती असायला हवी सातव्याच्या. भिंग लावलं — पाटीच्या तुकड्याच्या कडेला ७. कोणीतरी तिथून कापून इथे जोडलीय.

सांधा पाहिला. ब्लेडने खरवडून, फिल्म-सिमेंट लावून, नीट दाबलेला. फक्त किंचित कललेला. बाबा डावखुरे. सांधायचं यंत्र उजव्या हाताच्या माणसांसाठी बनवलेलं. त्यांचा दर सांधा असाच कलायचा, त्यावरून थिएटरचे मालक बोलायचे.

डबे चुकून बदलतात. पाटी चुकून चिकटत नाही.

१२ फेब्रुवारी

सांधा कापून काढला. पाटी तिच्या जागी लावली. सांध्याचा तुकडा पाकिटात. नोंदवहीत लिहिलं: ‘थिएटरमध्ये केलेला बदल, मूळ क्रम पूर्ववत.’ बदल कोणी केला हा रकाना असतो. कोरा सोडला. नोकरीत पहिल्यांदा.

१३ फेब्रुवारी

बाबा टेबलफॅन उघडून बसले होते. पाकीट समोर ठेवलं. त्यांनी तुकडा चिमटीत धरला, खिडकीकडे करून पाहिला.

“कललाय जरा.”

“मालकांना कळलं असतं तर?”

“कळायला शेवटपर्यंत बसावं लागतं, ठमे.”

ठमी! कित्येक वर्षांत म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, माझ्यासाठी केलंत ना? ते पंख्याचा स्क्रू शोधत राहिले. माझ्याच हातात होता. दिला.

१५ फेब्रुवारी

सकाळी मी बूट घालत होते. बाबा आपणहून बोलले.

पहिले तीन दिवस सिनेमा बरोबर क्रमाने चालला होता म्हणे, आणि मी तो तिन्ही दिवस पूर्ण पाहिला. मला काहीच आठवत नाही. चौथ्या दिवशी ते सहावं रीळ चढवायला गेले, तर मी सातवं दोन्ही हातांत धरून उभी. मला ते उचलवत नव्हतं. म्हणाले, तेव्हा मी त्यांना म्हटलं — हे आधी लावा. ती नंतर येऊ दे.

“मी नुसतं जोडलं,” बाबा म्हणाले. “सांगितलं तू.”