फाट्यापासून दोन किलोमीटर

४ नोव्हेंबर, सोमवार
भरला फॉर्म! तिसऱ्यांदा. बी.ए.चे बाकी सगळे विषय सुटले, हा एकच मानगुटीवर बसलाय – 'भारतीय अर्थव्यवस्था : वाढ आणि सुधारणा'. दोनदा नापास. वृषाली म्हणाली, "आई, कंडक्टरकी सांभाळून ही कटकट कशाला?" कशाला म्हणजे? एकोणीस वर्षं धुळे-जळगाव गाडीत माणसं चढवतेय, उतरवतेय. देश कुठं चाललाय ते मला नको कळायला? पोटची पोर, पण बोलते सासूसारखी.

७ नोव्हेंबर
सकाळच्या गाडीत पाठांतर. तिकिटं फाडून झाली की पुस्तक बाहेर. युवराजभाऊ स्टेअरिंगवरून ओरडतात – "मॅडम, मोठ्यानं वाचा, माझीबी परीक्षा होऊन जाऊ द्या!"

बोरखेडे फाट्याला शेवंताबाई चढल्या. साठीच्या पुढच्या. भरताच्या वांग्यांची पाटी घेऊन रोज जळगावच्या बाजाराला. बसतात माझ्या शेजारीच. बराच वेळ ऐकलं, मग म्हणाल्या, "माय, कवयनी वाढ वाढ करी ऱ्हायनी. ती वाढ शे कोठे? मन्हा गावले तं उनी नही!"

वाढ त्यांच्या गावाला आलीच नाही म्हणे! सगळी गाडी हसली. मीही. पुस्तक मिटलं ते मिटलंच.

१८ नोव्हेंबर
शेवंताबाई चढल्या की पाच मिनिटं बोलतच नाहीत. आज विचारलं, दम का लागतो? म्हणाल्या, गाव फाट्यापासून दोन किलोमीटर आत. डोक्यावर पाटी घेऊन अंधारात चालत यायचं. इतकी वर्षं त्यांना फाट्यावर चढवतेय आणि त्या कुठून येतात हे कधी विचारलं नव्हतं. लाजच वाटली.

"पहिले आम्ही तीनच जनी व्हतूत," त्या म्हणाल्या. "अर्धं तिकीट व्हयनं, आते बठ्ठ्या येतस."

खरंच की! बायकांना अर्धं तिकीट झालं आणि सगळ्याच येऊ लागल्या. मी तर रोज तिकीट देते आणि मलाच दिसलं नाही. आजपासून पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर खुणा करणार – बोरखेडे फाट्याला किती बायका चढल्या. आज सतरा.

२ डिसेंबर
तेवीस! एकीच्या हातात कॉलेजची बॅग.

६ डिसेंबर
डेपोत बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून निघाले. ते अर्थशास्त्राचेच. त्यांच्यासमोर उभं राहून तिसऱ्यांदा नापास कसं व्हायचं!

२० डिसेंबर
धीर करून डेपो मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सकाळची गाडी बोरखेड्यात आत न्या. साहेब म्हणाले, "बाई, आत जायला भारमान कुठंय? गाडी रिकामी फिरवायची का?"

मी पुस्तकाचं शेवटचं पान पुढं केलं. महिनाभराच्या खुणा. चौदाच्या खाली एकही दिवस नाही. आणि ज्या दोन किलोमीटर चालूनही येतात, त्या गाडी दारात आली तर किती येतील? साहेबांनी पुस्तक उलटून नाव वाचलं. "हे काय, अर्थशास्त्र?"

"हो साहेब. प्रॅक्टिकल आहे."

हसले! म्हणाले, "बघू." आता सरकारी 'बघू'चा अर्थ कुठल्याच धड्यात दिलेला नाही.

१२ जानेवारी, रविवार
पेपर. दुसराच प्रश्न – 'वाढ आणि सुधारणा यांतील संबंध सोदाहरण स्पष्ट करा.' पाठ होतं सगळं. व्याख्या, टप्पे, फायदे-तोटे. पण हात वेगळंच लिहायला लागला – 'वाढ महामार्गानं येते आणि फाट्यावर थांबते. तिथून गाव दोन किलोमीटर आत असतं. तेवढे दोन किलोमीटर कमी करणं म्हणजे सुधारणा.' मग शेवंताबाई, त्यांची पाटी, माझ्या खुणा, सगळं उतरवलं. पाच पानं! घंटा झाली तेव्हा शेवटचे दोन प्रश्न कोरे.

तरी बाहेर आले ती पोटभर जेवल्यासारखी. पहिल्यांदा काहीतरी समजून लिहिलं.

२१ फेब्रुवारी
निकाल. चाळीस लागतात, मिळाले अडतीस. रडले. लपवायचं कशाला, चांगली हुंदके देऊन रडले. घोकलेलं उतरवलं असतं तर सुटले असते. वृषाली चहा करून शेजारी बसली. पोर चांगली आहे माझी.

२२ फेब्रुवारी
शेवंताबाईंना सांगितलं, दोन मार्क कमी पडले.

"दोनच ना?" त्या म्हणाल्या. "दोन तं मी रोज पाटी लिसन चालस!"

इतकी हसले की पारोळ्याचं तिकीट एरंडोलच्या बाईला दिलं.

३ मार्च, सोमवार
साहेबांचं 'बघू' फळलं! आजपासून सकाळची गाडी बोरखेड्यात आत, महिनाभर प्रायोगिक. फाट्यावर युवराजभाऊंनी स्टेअरिंग फिरवलं तेव्हा मी दारातच उभी. पारापाशी एकतीस बायका. शेवंताबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, चढल्या आणि चढल्या चढल्या बोलायला लागल्या. दम नाही!

जूनमध्ये पेपरला पुन्हा बसणार. उत्तर तेच लिहिणार.